निकाल : एक

डिचोलीच्या वाचनालयात संगणक दोन,
चालतो तो खिडकीपाशी.
साडेअकराला हळर्णकर आले,
खाणीवर एकतीस वर्षं शॉव्हेल चालवलेले,
नखांच्या कडांना अजून ती तांबूस रेघ.
पिशवीतून वही काढली,
प्लास्टिकात गुंडाळलेली, वर रबरबँड.
म्हणाले, बाय, आमच्या आतेवर कुणीतरी लिहिलंय.
परदेशातल्या कुणी बाईनं. दोन ओळी.
त्या दोन ओळी मला हव्यात.

आते म्हणजे सत्यभामा.
जत्रेला देवळापुढच्या मांडवात जी नाटकं व्हायची
त्यातली चार हिची.
हस्तपत्रकावर नाव भावाचं.
भाऊ राजा व्हायचा, आणि ही बायकांत बसून
त्याची चुकलेली वाक्यं ओठांतल्या ओठांत
बरोबर म्हणायची.

मी लिहिलं : सत्यभामा हळर्णकर.
शून्य.
रोमन लिपीत लिहिलं. शून्य.
खाली निळ्या अक्षरांत :
तुम्हाला हॅलोवीन म्हणायचं आहे का?
नाही, हळर्णकर पडद्याला म्हणाले.

मग मी जुन्या लेखनिकाचे कान लावले.
जन्माच्या नोंदीत त्यानं लिहिलेलं सोतिबामा.
आडनावातला ह गिळून टाकलेला,
ळ ला तर त्याच्या तोंडात जागाच नव्हती.
अलोर्णेंकार.
शून्य.
पण हे शून्य वेगळं वाटलं,
जरा घराजवळचं.

मग भाषेची चौकट. एकच निवडा, म्हणते.
मराठी माओरीच्या खाली,
कोंकणी बरीच वर, पोर्तुगीज आणखी कुठेतरी.
हळर्णकर विचारात पडले.
नाटक मराठीत, म्हणाले,
तालमीतल्या शिव्या कोंकणीत,
आणि दंडाची पावती पोर्तुगिजीत,
परवानगीशिवाय खेळ लावल्याची.
तिन्ही लाव.
तिन्ही लागत नाहीत.

एवढ्यात वीज गेली.
अंधार असा नाही, खिडकी होती,
फक्त पंखा हळूहळू आपली पाती मोजत थांबला.
त्यांनी वही उघडली.
समासात आतेनं लिहिलंय : इथं हसतील.
खाली दुसऱ्या शाईत : हसले नाहीत.
तिसऱ्या अंकात एका लांब भाषणाशेजारी
नुसतं, भाऊ हे विसरेल.
विसरला? मी विचारलं.
दर वर्षी.

वीज आली.
आणि एक फावट पळय, म्हणाले.
मी नाव सोडूनच दिलं.
जत्रा लिहिलं, नाटक लिहिलं, स्त्री लिहिलं,
आणि गाव त्यांच्या कागदांतल्यासारखं,
ड च्या जागी ब : बिचोली.

निकाल : एक.

लेख एकोणतीस पानांचा.
पूर्ण मजकूर अडतीस युरो.
फुकट मिळतो तो सारांश, सहा ओळी,
त्यातली चौथी मी मराठी करत वाचली :
यांपैकी काही संहिता
बिचोलीतल्या एका अनामिक स्त्रीच्या असाव्यात.
असाव्यात, हळर्णकर म्हणाले.
मग थोड्या वेळानं,
अनामिक म्हणजे?
जिचं नाव माहीत नाही ती.
मला आहे की.

दुरुस्ती सुचवता येते, मी म्हटलं, अर्ज आहे.
पहिल्या रकान्यात माहिती,
दुसऱ्यात पुरावा, म्हणजे ही वही,
तिसऱ्यात विचारतात, तुमची संस्था कोणती?
संस्था?
खाण तर बंद.
मी वाचनालयाचं नाव घातलं.
पाठवा दाबलं. गोल चक्र फिरत राहिलं,
आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो,
जत्रेतल्या पाळण्याकडे बघावं तसे.

पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत :
पाहिले, ३.
हे काय?
किती वेळा कुणी उघडलं ते.
एकदा मी मघाशी उघडलं.
एकदा तुम्ही चष्मा पुसलात तेव्हा, पुन्हा.

त्यांनी सारांशाची छापील प्रत घडी न घालता वहीत ठेवली,
सुटे दोन रुपये टेबलावर मोजले,
रबरबँड दोनदा फिरवला.
दारापर्यंत गेले आणि तिथून,
बाहेर साखळीची बस हॉर्न देत असताना,
मगे तिसरें कोण गो?