दर रविवारी, पाच मिनिटं

तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोअरस्कोपची नळी सोडली
आणि डोळा लावून बसलो.
आंकुदचा खारा वारा
हँगरच्या पत्र्याला धडका देत होता.

आत भिंतीवर तिरक्या रेघा हव्यात,
एकमेकींना छेदणाऱ्या, तेल धरून ठेवणाऱ्या.
वरच्या अंगाला त्या पुसल्यात.
खाली तपकिरी ठिपके,
आणि पिस्टन जिथे विसावला होता तिथे
त्याच्या रिंगांचा डाग,
ओल्या ओट्यावर रात्रभर राहिलेल्या तव्याचा उठतो तसा.
कंप्रेशन ऐंशीला बावन्न.

धावून धावून झिजलेली इंजिनं मी पाहिलीत.
कोपियापोचं एक, फाटक्या फिल्टरमधून
वाळवंट प्यायलेलं.
पुंता अरेनासचं एक, हिवाळ्यात पहाटे
न तापवताच दामटलेलं,
तेल वर पोचेस्तोवर धातूवर धातू.
त्यांच्या अंगावर निदान कुठेतरी गेल्याच्या खुणा होत्या.

हे तीन वर्षांत जमिनीवरून उठलेलं नाही.

नेल्दा कार्कामो प्रार्थना संपली की परस्पर इकडे येते,
चांगले बूट काढून रबरी घालते,
अबेलार्दोच्या खुर्चीत बसते, पुढे सरकून,
कारण पाय पोचत नाहीत.
पाच मिनिटं.
मग बंद करून, पंख्यावर हात ठेवून, कुलूप.
"तेवढंच जितं राहतं," म्हणते.

कसं सांगू,
जळणाऱ्या पेट्रोलमागे पाणी उरतं.
पाच मिनिटांत तेल कोमट होतं फक्त,
ते पाणी उडून जाण्याइतकं तापत नाही.
मग सहा दिवस ते अंधारात बसून
लोखंडाशी बोलत राहतं.
एक तर तासभर आभाळात न्यावं,
नाहीतर जाड तेल भरून, भोकं बुजवून
खरंच निजू द्यावं.
मधलं काही याला मानवत नाही.

"कसंय?" तिने विचारलं.
मी नळी पुसत राहिलो. बराच वेळ पुसली.
"आवाज तर तोच येतो," ती म्हणाली,
"अगदी तोच."

नोंदवहीत लिहिलं: तीन नंबर, गंज.
कारणाच्या रकान्यात: समुद्राची हवा.
खोटं नाही ते.

तिने चष्मा लावून वाचलं, मान हलवली,
आणि उठून
दाराची फट बोटाने चाचपू लागली.