खरी नक्कल

नक्कल विभागात माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
मे महिन्यात कूलरचे शिंतोडे उडतात,
म्हणून आम्ही निकालांवर जुने टॉवेल टाकतो.
खडतकर साहेबांनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला:
जसं आहे तसं.
मुळात 'दिनांक'चा 'दीनांक' झाला असेल, तर दीनांक.
"तू डॉक्टर नाहीस. आरसा आहेस."

संध्याकाळी अमरावती रोडवर लॉचा वर्ग.
उमाठे मॅडम खडू मोडायच्या.
एक तुकडा 'आहे', दुसरा 'असावं'.
"दोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या धुक्यात काही जणांना सुचलं,
की हे दोन तुकडे एका डबीत ठेवू नयेत."

त्याआधी तिथले न्यायाधीश म्हणायचे,
कायदा आम्ही करत नाही, आम्हाला सापडतो,
रूढीच्या विहिरीत पूर्वापार पडलेल्या लोट्यासारखा.
आम्ही फक्त गळ टाकतो.
मग कोणीतरी विचारलं, लोटा टाकला कोणी?
उत्तर आलं: राजाने.
हुकूम, आणि मोडला तर शिक्षा.

मागच्या बाकावरून सोमकुंवर उठला:
"इतवारीत सुरा दाखवून कोणी पाकीट मागितलं,
तर तोही कायदाच का, मॅडम?"
मॅडम खूप हसल्या.
"हेच नीट विचारायला त्यांना सव्वाशे वर्षं लागली."

परीक्षेच्या दिवसांत रात्री दीडला
व्हरायटी चौकात पोचलो.
पोलीस नाही, कुत्रंसुद्धा नाही.
लाल दिवा,
आणि त्याच्यासमोर रिकामी हातगाडी घेऊन उभा
एक बर्फगोळेवाला.
मी विचारलं, कोणासाठी थांबलास?
"लाल हाय ना भाऊ," तो म्हणाला,
जणू मीच परगावचा.

पुढे झिरो माईलचा खांब.
त्याच्यापासून गावं मोजली.
त्याच्यापासून तो किती लांब, हे कोणी विचारत नाही.
शेवटचा नियम असाच असतो, मॅडम म्हणाल्या होत्या:
त्याच्याने सगळं मोजायचं,
त्याला मोजायला काही उरत नाही.
मला ते पटलं होतं. वहीत खाली दोन रेघाही मारल्या होत्या.

मग नाग नदीकाठची पंचफुला शेंडे आली.
झोपडी हटवण्याचा निकाल, अकरा पानं,
पान चारवर तिचं नाव 'पंचकुला'.
मी पंचकुला टाईप केलं.
शिक्का मारला: खरी नक्कल.

तिने कागद उलटा धरला, मग सुलटा.
"बरोबर हाय का हे?"
"खरी आहे, बाई. शिक्का आहे."
"शिक्का दिसते मले.
बरोबर हाय का, इचारलं."

कूलर घरघरत होता. माझ्याजवळ
दोन्ही शब्द होते, आणि मधे
फक्त टेबलाची फळी.

त्या रात्री वर्गात मी हात वर केला.
मॅडम बराच वेळ हातावरची खडूची पूड पुसत राहिल्या.
"जुन्या मध्यप्रांताच्या कोर्टात," त्या म्हणाल्या,
"जिथे नियम सापडत नसे, तिथे लिहायचे:
न्याय, समता आणि सद्बुद्धी यांना धरून.
सद्बुद्धी कोणाची? साहेबाची.
म्हणून सांगते, कायद्याला न्याय म्हणू नको.
नाव वेगळं ठेवलं, तरच त्याच्याशी भांडता येतं."
आणि घंटा झाली.

नक्कल विभागातल्या माणसाने अर्ज लिहून देऊ नये,
असा नियम आहे. वैध आहे. परिपत्रक भिंतीवर आहे.
दुपारी सायकल स्टँडच्या मागे
मी पंचफुलाबाईचा अर्ज लिहिला,
नावात दुरुस्ती, आणि खाली आणखी एक विनंती
जिला कलम सापडलं नाही.
त्या जागी मी 'असावं' असं लिहिलं,
खोडलं,
परत लिहिलं.
तिने तिकीट जिभेने ओलं केलं
आणि अंगठ्याने दाबून धरलं,
किती वेळ धरायचं ते मला विचारत.