अठरा दाती

जुन्या मापाचे टायर सोलापुरात कुठेच मिळेनात,
जुन्या पुणे नाक्यावर नाहीत, भैय्या चौकात नाहीत,
म्हणून जे मिळाले ते घातले.
फार्गो उभी राहिली दीड इंच उंच,
गर्दीत टाचा वर करून बघणाऱ्या बाईसारखी.

मिलच्या लिलावात घेतलेली गाडी ही.
दारावर अजून गाठींचे आकडे आहेत, पुसट,
आणि कांटा मैलांत बोलतो.
मी टॉवेलचे गठ्ठे भरते, अक्कलकोटला टाकते, विजापूरला टाकते.
दहा महिने काही कळलं नाही.
फक्त रस्त्यावरचे सगळे ट्रकवाले
एकदम आळशी झाल्यासारखे वाटायचे.

मग एका सकाळी, ऊन चढायच्या आत,
विजापूर रोडला दगड ते दगड घड्याळ लावलं.
कांटा चाळीसवर, गोंदल्यासारखा.
किलोमीटरला छप्पन सेकंद लागायला हवेत,
लागले एक्कावन्न.
पुन्हा लावलं. एक्कावन्न.

"काय करलालीस गं?" मल्लेशम काका दारात.
तीस वर्षं मिलमध्ये जॉबर,
अजून कुणाचाही माग नुसता ऐकून सांगतात
काय सैल झालंय ते.
टायरवर त्यांनी खडूची रेघ मारली,
"ढकल," म्हणाले,
रेघ फिरून पुन्हा फरशीला टेकली
तिथं दुसरी खूण.
टेप धरला: आठ फूट, वर पाऊण इंच.
कोपऱ्यातला जुना टायर: सात फूट चार.
"चाक मोठं झालं, फेरे कमी झाले.
कांट्याला काय माहीत? तो फेरे मोजतो,
रस्ता नाही मोजत."

गाडीखाली झोपून केबल सोडवली,
गिअरबॉक्सच्या शेपटातनं काढलं
लिमलेटच्या गोळीएवढं दातेरी चाक.
काकांनी नखानं दात मोजले, तेलुगूत,
हिशोब त्यांचा नेहमी तेलुगूतच:
ओकटि, रेंडु, मूडु…
इरवै.
वीस.
"अठराचं पाहिजे," म्हणाले. कागद नाही, पेन नाही.

"तुम्हाला कसं कळलं?"
"मागालाही असतंय की असलं चाक. चेंज व्हील.
जेवढे दात, तेवढे इंचाला धागे."
मग बराच वेळ ते चाक बोटांत फिरवत राहिले.
"एकदा साहेबानं सांगितलं, एक दात जास्तीचं घाल.
घातलं मी. बावीस मागांना, रात्रपाळीत.
वाराला छत्तीस धागे जास्त,
मजुरी वारावर, तेवढीच.
चार महिने कुणी मोजलं नाही.
विणकराचा हात दुखायला लागला की तो हाताला शिव्या देतो,
चाकाला नाही देत."

मी काय बोलणार. पाना पुसत बसले.

एमआयडीसीत दस्तगीर मिस्त्रीनं पितळेत कापून दिलं,
अठरा दात, लवंगेच्या डोक्याएवढे,
आणि पैसे घेताना म्हणाला,
एवढ्या मेहनतीत नवा मीटर आला असता.
आला असता.

संध्याकाळी काका शेजारी बसले, घड्याळ त्यांच्याकडे.
दोन्ही बाजूला कापलेली ज्वारी, कडब्याचा वास,
कांटा चाळीसवर.
दगड आला. दगड गेला.
"साडेछप्पन."
"अजून अर्धा सेकंद चुकतंय, काका."
"कुठल्या बाजूला?"
"चालतो त्यापेक्षा केसभर जास्त दाखवतंय."
"मग राहू दे," ते म्हणाले. "हात लावू नको."

दहा महिन्यांत मीटरनं चार हजार मैल लिहिले.
वरचे चारशे कुठंच नाहीत.
डिझेल जळालं, टायर झिजले,
नव्या चाकानं काही ते परत लिहून निघणार नाहीत.

होटगी नाक्याशी उतरले तेव्हा
त्यांच्या सदऱ्याच्या खिशात काहीतरी
चुन्याच्या डबीवर वाजलं.
वीस दातांचं.
मी मागितलं नाही.