पुढचा एक सेंटीमीटर

सूर्य दोन महिने डोंगराआडच होता.
आइसलंडच्या पश्चिमेला आमच्या फ्योर्डात तो असाच वागतो.
ज्या दुपारी तो कड्याच्या खांद्यावरून जेमतेम डोकावला
आणि घरोघरी पातळ गोड धिरडी झाली,
त्याच दुपारी स्टाइनव्योरबाईंनी फळ्यावर लॉगॅरिदम काढला.
पाया दोन.

'किती आळशी रेघ,' ओर्मुर म्हणाला,
'आमच्या बाबांसारखी. कशीबशी उठते, मग आडवीच.'
'आडवी?' बाई म्हणाल्या. 'मोजून बघ.'

मासळीच्या कारखान्यातून मेणकागदाची रिळं आली.
त्यावर पेन्सिल उमटेना,
म्हणून जाळ्यांवर खुणा करायचा लाल खडू.
वर्गाची भिंत झाली उभा अक्ष.
भिंतीपलीकडे गाण्याचा तास चालला होता.
तिकडे या रेघेला जाता येत नाही, बाई म्हणाल्या,
ते कितीही गोड गात असले तरी.

भिंतीपासून एक सेंटीमीटर: उंची शून्य.
पाया दोन घ्या, दहा घ्या, सत्तावीस घ्या,
या ठिपक्यावर हजेरी सगळ्यांना लावावीच लागते.
दोनवर एक. चारवर दोन. आठवर तीन.
ब्रिनदिस रांगत पुढे, मी खडू घेऊन मागे.

भिंतीकडे मात्र भलतंच.
अर्ध्यावर उणे एक, पावावर उणे दोन,
रेघ खाली कोसळत होती
अंग चोरून, भिंतीला न शिवता.
'इथे टेकली,' मी ओरडले.
बाईंनी भिंग दिलं.
भिंगात लाल खडूचा जाड ढिगारा, बाकी काही नाही.
'टेकला तो तुझा खडू,' त्या म्हणाल्या. 'रेघ नव्हे.'

सव्वादहा मीटरवर दहा.
कोटांच्या खुंट्यांपाशी अकरा, साडेवीस मीटर.
मग दार, मग बर्फ,
कागद उडू नये म्हणून त्यावर आमचे बूट,
मोज्यांवर आम्ही.
पोहण्याच्या तलावासमोर बारा.
सहकारी दुकानापाशी तेरा,
दुकानातल्या बाई पिठाची गोणी घेऊन
रेघ ओलांडताना उगाचच थोड्या थबकल्या.

तिथे कुठे हिशेब अंगात मुरला:
पुढचा एक सेंटीमीटर हवा,
तर भिंतीपासून इथवर चाललो ते सगळं
पुन्हा एकदा चालायचं.
दुप्पट अंतर, आणि वर फक्त एक.
गुणाकार करून दमावं आणि बेरजेएवढं मिळावं.
तरी ती थांबत नाही, हे ओर्मुरला सगळ्यात झोंबलं.
'निदान थकायला तरी हवी होती,' तो म्हणाला.

धक्क्याच्या टोकाला चौदा.
एकशे चौसष्ट मीटर,
आणि वीतभरसुद्धा नाही.
पुढे पाणी.

बाई वळून डोंगराकडे बघत होत्या.
'आडव्याचं उभं केलं तर?' त्या म्हणाल्या.
'उभ्याचं आडवं?
मग भिंतीपासून चौदा सेंटीमीटर सरकायचं
आणि तिथवर चढायचं.'
त्यांनी डोमकावळ्यांच्या घरट्याची कपार दाखवली.
'आणखी एक सेंटीमीटर सरकलात, की तिथे.'
तिथे, म्हणजे जिथून तासाभरापूर्वी सूर्य डोकावला होता.
तीच रेघ. आरशातली.
कुणी काही बोललं नाही. पाय गोठले होते.

धक्क्यावर म्हातारा आउस्गेइर दोर गुंडाळत होता.
'पंधरा कुठाय?' त्याने विचारलं,
जणू हरवलेलं मेंढरू शोधायचंय.
ब्रिनदिसने पाण्यातला पिवळा बोया दाखवला.
तो काही न बोलता होडीत उतरला.
आम्ही चौघं, रिळाचं टोक हातात,
कागद पाण्यात पडला, भिजला, तुटला,
खडूचा लाल तवंग लाटेवर.
तरी बोयावर ओर्मुरने पंधरा लिहिलंच,
वाकडं.

'आणि सोळा?'
बाईंनी समोरचा किनारा दाखवला,
एका शेतघराचा एकुलता दिवा.
आउस्गेइरने दिव्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे.
'उद्या,' तो म्हणाला. 'डिझेल भरून.'