कोणता खंड, कोणतं शहर

दाभोळहून शेवटची फेरीबोट धोपाव्याला गेली
तेव्हा मी बिल्ड लावला होता.
सकाळी पहिली बोट आली तरी
लॉगची शेवटची ओळ तीच.
लाल अक्षर नाही, तक्रार नाही,
नुसता थांबलेला.

भरतीच्या वेळा काढणारा एवढासा प्रोग्राम,
मच्छीमार सोसायटीच्या जुन्या मशीनसाठी.
माझ्या लॅपटॉपवर चालतो.
माझ्या लॅपटॉपवर काय चालत नाही!
सहा वर्षांत काय काय येऊन बसलंय त्यात,
कुणी बोलावलं, कधी,
मलाही आठवत नाही.
म्हणून तर बांधायचं कोऱ्या लिनक्सच्या बंद खोलीत:
मोजून ठेवलेली पॅकेजं,
जाळं नाही, म्हणजे नेटवर्क,
यादीत जे लिहिलं नाही ते आत नाही.

पहिल्या दिवशी कंपायलरच नव्हता.
मग कळलं, प्रोक जोडायचं राहिलंय,
आतल्यांना आपण चालू आहोत की नाही
हेसुद्धा बघता येत नव्हतं.
मग एक सर्व्हिस, इन्स्टॉल होताच
पदर खोचून कामाला उठायला निघाली.
तिला म्हटलं, बाई, हे घर नव्हे, साचा आहे.
बस.

आणि आता हे.

बाहेरून प्रोसेसची यादी काढली.
आत टाइमझोनचं पॅकेज
अर्धवट इन्स्टॉल होऊन उभं,
विचारतंय:
कोणता खंड?
कोणतं शहर?
आकडा टाका.

दहा तास.
आत कीबोर्ड नाही, बोट नाही, माणूस नाही.

इब्बूचाचा परकार पायरीवर चहा पीत होते.
त्यांना सांगितलं. हसले नाहीत.
"नीट विचारतोय ना? मग उत्तर दे की."
"आत ऐकू जात नाही चाचा.
उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं."
"मग लिही, दाभोळ."

दाभोळ यादीत नाही.
रत्नागिरी नाही. मुंबईसुद्धा नाही.
आशिया आहे, आशियात कोलकाता.

चाचांनी बशी खाली ठेवली.
"भरती आपली नि घड्याळ कलकत्त्याचं?"
मग स्वतःशीच, बोटांच्या पेरांवर:
आज दशमी. दहाची पाऊणपट.
साडेसात.
पाणी जेटीच्या चौथ्या पायरीला लागून थबकलं होतं,
चढत नव्हतं, उतरतही नव्हतं.
माझ्या मोबाइलवर सात चौतीस.

दोन ओळी लिहिल्या.
एक: काही विचारू नकोस.
दुसरी: आशिया, कोलकाता.
चार मिनिटांत बिल्ड पुरा झाला,
चाचांचा दुसरा कप व्हायच्या आत.

जुने लॉग पुसून टाकते मी नेहमी.
हा एक राहिलाय.
रात्रभर कुणीतरी विचारत होतं, तू कुठली,
आणि मी वरच्या खोलीत
पंखा तीनवर ठेवून झोपले होते.