पाळी

मिरजेला, कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर
खिडकीशी एक स्टूल आहे.
त्यावर बसायचं, मान तिरकी करायची.
मला सगळे सिस्टर म्हणतात. मी सिस्टर नाही.
मी स्पिरिटचा बोळा फिरवते, कानाच्या पाळीला टोचते
आणि घड्याळ सुरू करते.

दर अर्ध्या मिनिटाला टिपकागद टेकवायचा.
पुसायचं नाही, दाबायचं नाही, नुसतं टेकवायचं.
पहिला ठिपका डाळिंबाच्या दाण्याएवढा,
मग मसूर, मग मोहरी,
मग कागद कोरा.
ठिपके मोजायचे, भागिले दोन.

डॉक्टर मगदूमबाईंना प्रबंधासाठी
शंभर पुरुष हवे होते, शंभर बायका.
पुरुष पटकन मिळाले.
कवलापूरचा एक पैलवान, दोन्ही कान मोडलेले,
टोचायला धड पाळी सापडेना,
"बाई, वाईच थांबा" म्हणाला
आणि स्टुलावरून हळूच कलंडला.
बी गट. दीड मिनिट.

बायकांच्या पाळीला भोक आधीचंच.
कुडी काढून मुठीत धरतात
आणि आरगची एसटी चुकणार का, एवढंच विचारतात.
फॉर्मवर त्यांना एक रकाना जास्त: शेवटची पाळी कधी.
रत्नव्वा हारुगेरे, वय सत्तेचाळीस, हसायलाच लागली.
"त्या पाळीला कुणी घड्याळ लावलं न्हाई की गं कधी."
मी अंदाजे तारीख टाकली.

तक्ता भरत गेला तसं दिसायला लागलं
ओ गटाचं रक्त जरा रेंगाळतं,
त्यातही बायकांचं जरा जास्त.
फरक किती? एक ठिपका.
तो धरायचा की सोडायचा
हे पुण्याचे आकडेवाले सर सांगणार.

नव्व्याण्णव बायका झाल्या
आणि परीक्षा लागल्या, कुणी येईना.
बाई म्हणाल्या, "सिस्टर, आता तुमची पाळी."

स्टूल इतकं उंच आहे, हे मला माहीत नव्हतं.
माझा गट ओ.
पेढीतून फोन आला की मी जाते, रात्रीसुद्धा;
कुणालाही चालतं म्हणतात माझं.
खाली सायकल स्टँडवर एक पोरगा
चेन बसवत होता. बसत नव्हती.
सहावा ठिपका. सातवा.
"थांबेना की हो," बाई म्हणाल्या.
म्हटलं, थांबेल.

आठ ठिपके. चार मिनिटं. नॉर्मल.
सव्वीस वर्षांत त्या खोलीत
चार मिनिटं मी काहीच केलं नाही.

पोराची चेन बसली बहुतेक.
कुडी घरी जाईस्तोवर मुठीतच होती.