न जाळायचा कोळसा

वादळाने पाडलेल्या पोफळी
चार वर्षं वाडीत आडव्या होत्या.
काही वाळवीने नेल्या, काही न्हाणीच्या चुलीने.
उरलेल्या मोजायला मी श्रीवर्धनहून आलो,
वही घेऊन, ताणकाटा घेऊन,
हातात लांब दांड्याचा थर्मामीटर.
सोमी हिलमने विचारलं, ताप कुनाला आलाय?

जमिनीला, मी म्हणालो.
ती हसली नाही. विनोद बेताचाच होता.

खड्डा तिने दाखवला तसा खणला:
वर रुंद, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा,
जांभ्याची कड फोडून कमरेइतका खोल.
माझ्या पुस्तिकेत आकृती होती.
तिच्याकडे बापाची पाठ होती,
सातव्या वर्षापासून समोर वाकलेली,
रानातल्या भट्टीला चिखल लिंपणारी,
आणि धुराचे रंग:
पांढरा म्हणजे ओल जातेय,
पिवळट, लाकूड अजून बोलतंय,
निळा झाला की तोंड बुजव भट्टीचं,
नाहीतर शेटचं नुकसान,
आणि शेटचं नुकसान म्हणजे आपलं अख्खं वर्ष.

तो कोळसा गोणींतून खाडीपर्यंत,
खाडीतून बंदराला, पुढे शहरात.
"इस्त्रीत गेला का शेगडीत, कोन जाने.
आमच्या चुलीला कंदी नवता कोलसा.
आमाला काटक्या."

आता तीच, उघड्या खड्ड्यापाशी.
लाल निखाऱ्यावर राखेची साय धरू लागली
की वरून दुसरा थर:
पोफळीच्या चिरफळ्या, कलमांची छाटणी, करवंट्या.
वरची आग खालच्या आगीला श्वास घेऊ देत नाही.
मी आकडा वाचेपर्यंत
तिने पुढचा थर टाकलेला असतो.

आमच्या घरी राब भाजायचे.
कवळ, शेण, पातेरा, वर मातीची पखरण,
आणि पहाटे वारा सुटला की
निम्मं खत शेजारच्या गावाला.
राख करणं सोपं असतं.
राख व्हायच्या आत थांबणं,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

बावीस कळशा पाणी.
खड्डा फुत्कारला, मग कुरकुरला, मग गप्प.
तिने एक तुकडा दगडावर टाकला, कान दिला.
काचेसारखा किणकिणला.
"झाला."

कोळसा उगाळावा तितका काळाच, म्हणतात.
हा उगाळायचा नाही.
कुटायचा, गोमूत्रात, शेणकाल्यात भिजवायचा,
जेट्टीवरची मासळीची डोकी घालायची
(पंधरा दिवस त्या बाजूला कुणी फिरकत नाही),
आणि मग नेऊन मिसळायचा भाताच्या खाचरात,
त्या तांबड्या मातीत,
जी चार महिने पाणी पिते
आणि दिवाळीनंतर काहीच लक्षात ठेवत नाही.

"किती दिस रातो मातीत?"
शेकडो वर्षं, म्हणतात.
"मंग बगनार कोन?"

वहीत रकाने होते.
शेतमालक. सातबारा. क्षेत्र. वजन.
जितकं वजन पुरलं जाईल तितके पैसे,
कुठल्याशा लांबच्या कंपनीकडून,
तिच्या धुराच्या बदल्यात, मालकाच्या खात्यात.
भट्टी लावणाराचं नाव, असा रकाना नव्हता.
मी समासात लिहिलं, सोमी हिलम,
पेन्सिलने. मग पेनने गिरवलं.

संध्याकाळी मी ताणकाट्याला गोणी अडकवत होतो
तेव्हा ती टोपली भरत होती.
सोमीबाई, हा जाळायचा नाही हो,
हा मातीत ठेवायचा.
"सगला ठेव तू. ही येक टोपली माजी.
जालायला."

मी बघत राहिलो.
ती बांधावरून वाडीकडे गेली, डोक्यावर काळी टोपली,
आणि थोड्या वेळाने तिकडून वास आला,
बांगडे भाजल्याचा,
अगदी शांत, धूर नसलेल्या विस्तवावर.

वजनात एक टोपली घट.
कारण लिहायला मात्र रकाना होता.
मी तो कोरा ठेवला.